खडतकरांच्या घरची जर्मन

नीलकंठराव खडतकर वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. यात काय मोठा फरक, असं कोणी म्हणेल. फरक हा, की वाईट नवऱ्यापासून बायको सावध तरी राहते. भित्र्यावर ती बिचारी जन्मभर विश्वास टाकून बसते, आणि प्रेमलाकाकू तशाच बसल्या.

रायपूरला बूढ़ापाऱ्यात तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. नोकरी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, कारकुनाची. एकाहत्तर साली कारखान्यात एक जर्मन यंत्र आलं आणि त्याच्यासोबत एक जाडजूड पुस्तक आलं. ते साहेबापासून शिपायापर्यंत कोणालाच वाचता येईना. नीलकंठ तेव्हा तेवीस वर्षांचा, अंगात रग. त्यानं पुण्याहून टपालानं जर्मनचे धडे मागवले. बारा धडे आले, बारा घोकले, नागपूरला जाऊन परीक्षा दिली आणि दणकून आपटला. निकालाचं पत्र त्याच्याच हाती पडलं. आईनं विचारलं, "पास झाला ना रे?" तर हा मान हलवून मोकळा. धडे त्याच दिवशी बंबात गेले. इतक्यावर निभावलंही असतं, कारण वर्षभरात ते यंत्र बंद पडलं आणि पुस्तकाची कोणाला गरज उरली नाही.

पण लग्नाच्या टिपणात वडिलांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मुलास जर्मन भाषा उत्तम अवगत.' ते टिपण वर्ध्याला अनंतरावांकडे पोचलं. अनंतरावांची पोरगी प्रेमला मॅट्रिकला शाळेत पहिली आलेली, पुढे शिकायचं म्हणून घरात रडून झालेली, आणि आता चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर आलेली. स्वयंपाक येतो काय, विणकाम येतं काय, सगळं विचारून झालं. मग कोणीतरी उगीच रीत म्हणून म्हणालं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचार बाई. मुलगी विचारत नसते, हे सगळ्यांना ठाऊक. हिनं मान वर केली आणि सरळ नीलकंठकडे पाहून विचारलं, "मले जर्मन शिकवाल काय?"

सगळे हसले. नीलकंठ "हो" म्हणाला. आता भर बैठकीत दुसरं काय म्हणणार, असं त्याचं त्यालाच वाटलं, आणि पुढची सत्तावीस वर्षं ते असंच वाटत राहिलं.

लग्न झालं आणि आठव्या दिवशी प्रेमला नवी वही घेऊन समोर बसली. बारा धड्यांतलं जेवढं डोक्यात उरलं होतं, तेवढं दोन महिन्यांत संपलं. त्यातही अर्धं झिजलेलं, अर्धं उलटंसुलटं. इथंच तोंड उघडायचं होतं बाबा! दोन दिवस फुगली असती, तिसऱ्या दिवशी हसली असती. पण नाही. तिनं विचारलं, "पोळीले काय म्हणतात?" आणि हे महाशय क्षणभर थांबून म्हणाले, "ब्राद. अनेक पोळ्या असल्या तर ब्रेद." तिनं दोन्ही शब्द सुवाच्य अक्षरात लिहून घेतले. सुटले.

एकदा सुटल्यावर मात्र त्यांनी मन लावून काम केलं, हे नाकारता येणार नाही. थातूरमातूर काही केलं नाही. ऑफिसात फायलीखाली कागद ठेवून ते नियम बसवायचे. एकाचे अनेक करायचे तर 'आ'चा 'ए' करायचा. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. होऊन गेलेल्या गोष्टीला शब्दाच्या अलीकडे 'गे' लावायचा, म्हणजे 'लोपेन' चालणं आणि 'गेलोप्त' चालून झालं. लिंगं तीन, दर, दी आणि दत. आता कोणती वस्तू कोणत्या लिंगाची, हे त्यांना स्वतःलाच आठवेना, म्हणून नियम ठरवला: जे पोळते ते पुल्लिंगी, जे भरवते ते स्त्रीलिंगी, आणि जे नुसतं पडून राहते ते नपुंसकलिंगी. प्रेमलानं लगेच विचारलं, "मंग दर तवा, दी परात अन् दत ट्रंक. बरोबर?" बरोबर. खुद्द कारकून कोणत्या लिंगाचा, हे तिनं विचारलं नाही, नशीब त्यांचं.

आणि तिच्या शंका तरी किती! जाऊ आणि नणंद यांना वेगळे शब्द काय? शिळ्याला काय? ओवळ्याला काय? उष्ट्याला काय? जर्मन लोकांच्या घरात जाऊ असेल, नणंद असेल, उष्टंही होतच असेल, तर शब्द असणारच, यात प्रेमलाला कधी शंका आली नाही. नीलकंठरावांनी दोन दिवसांची मुदत मागून शब्द आणून दिला. उष्टं म्हणजे 'नाखमुंद'. पुढे पुढे तर ती स्वतःच शब्दाला शब्द जोडायला लागली. दूध उतू जाईल ही जी धास्ती असते, तिला 'मिल्खश्रेक'. सासूबाई घरात असतानाची जी हवा, ती 'श्विगरलुफ्त'. भीत भीत विचारायची, "असा शब्द असते काय हो?" हे म्हणायचे, "असते. मी सांगणारच होतो तुले."

दोन खोल्यांचं घर, त्यात सहा माणसं. नव्या नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं कधी आणि कुठं? हे दोघं सगळ्यांसमोर बोलायचे, ताटावर बसून, अंगणात, सासूच्या पुढ्यात. सासूला वाटायचं, अभ्यास चालू आहे. त्या भाषेत ते भांडले, त्या भाषेत त्यांनी मुलाचं नाव विहंग ठेवायचं ठरवलं. त्या घरात प्रेमलाला जे काही सुख मिळालं, ते त्याच भाषेतून मिळालं. हे खरं आहे, म्हणून तर जास्त संताप येतो.

महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात तिनं एकदा जर्मनमध्ये उखाणा घेतला. बायका तोंडात बोटं घालून बसल्या. त्या दिवसापासून ती साऱ्या रायपूरच्या मराठी मंडळींत जर्मन काकू झाली. विहंग मोठा झाला, मराठी कळूनही हिंदीत उत्तरं देणारा झाला, पंडरीच्या बाजारात कपड्याच्या ठोक दुकानात लागला. त्यानं त्या भाषेचा एक शब्द उचलला नाही. काकूंच्या मात्र अकरा वह्या भरल्या.

मग वेगळं राज्य झालं. रायपूर रातोरात राजधानी झालं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं, लाल दिव्याच्या गाड्या गल्ल्यांत अडकायला लागल्या, आणि मंडळाच्या चिटणीसांचा मुलगा अच्युत एका खात्यात पाहुण्यांच्या सरबराईवर लागला. दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत तो मिठाईचा डबा घेऊन खडतकरांकडे आला.

"काकू, जर्मनीहून पाच लोक येऊन राहिले. भनपुरीकडं कारखान्याची जागा पाहाले. सेक्रेटरीसाहेबाले मी सांगितलं, आपल्या इथंच एक महिला आहे, घरी बसून जर्मन शिकली. साहेब एकदम खूश! स्वागताचं भाषण तुम्हीच करायचं. हव ना?"

काकूंनी उत्तर द्यायच्या आधी नवऱ्याकडे पाहिलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! नीलकंठरावांनी मिठाईचा डबा उघडून पुन्हा बंद केला.

"दिल्लीवरून दुभाषी येतच असंल ना?" ते चाचरत म्हणाले.

"येणार आहे ना काका. पण आपल्या मातीतलं माणूस बोललं तर वजन पडते."

पाच दिवस हाताशी होते. पाच दिवसांत माणूस पाचशे वेळा खरं बोलू शकतो. नीलकंठरावांनी पहिल्या दिवशी तब्येतीचं सोंग केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्या घरच्या बायका अशा सरकारी कार्यक्रमात उभ्या राहत नाहीत." सत्तावीस वर्षांत काकूंनी नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढला.

"काय बोलून राहिले तुम्ही? इतकी वर्षं शिकली मी. तुमच्याशिवाय कोणाशी एक वाक्य बोलली काय? एक बार तरी बोलू द्या ना मले!"

तिसऱ्या दिवशी ते गुपचूप पुस्तकांच्या दुकानात गेले आणि हिंदीतून जर्मन शिकवणारं एक पातळ पुस्तक घेऊन आले. चाळून पाहिलं. स्वतःच्या बारा धड्यांपैकी चार शब्द ओळखीचे निघाले, बाकी सगळं परकं. तरी डोकं लढवलं. खोटं बोलायचं म्हटलं की त्यांचं डोकं झकास चाले.

"पाहा प्रेमला, तिकडची ती भिंत पडली ना, त्यानंतर सरकारनं भाषा बदलवली. ही नवी आहे. भाषणापुरती पाच वाक्यं यातली पाठ कर."

काकूंनी पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि तासभर वाचलं. मग पेन्सिल उचलली. पानापानावर खुणा करत गेल्या. पुस्तकात 'आ'चा 'ए' जिथं झाला नव्हता तिथं त्यांनी करून दिला. तव्याला जे लिंग छापलं होतं ते काट मारून दुरुस्त केलं.

"कोण्या अडाण्यानं लिहिलं हो हे? याच्यात उष्ट्याले शब्दच नाई! जाऊ अन् नणंद एकच करून टाकली. असं कुठं राहते काय? नवी असो की काहीही असो, तुम्ही शिकवली तीच शुद्ध आहे. मी तीच बोलीन."

नीलकंठराव त्या पेन्सिलीच्या खुणा पाहत राहिले. आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणत त्यांनी काकूंच्या पेन्सिलीला टोक करून दिलं. त्यांना लाज वाटली आणि त्याच वेळी, काय सांगावं, थोडा अभिमानही वाटला. धन्य तो माणूस!

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता एका हॉटेलच्या हॉलमध्ये स्वागत होतं. काकू इरकली साडी नेसून आल्या होत्या, हातात कागद नव्हता. चार मिनिटांचं भाषण तोंडपाठ. पहिल्या रांगेत पाच गोरे पाहुणे, मागे सेक्रेटरी, अधिकारी, मंडळाची मंडळी. नीलकंठराव तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात.

काकू बोलल्या. काय बोलल्या! एक अडखळण नाही, एक चूक नाही. लिंगं जागच्या जागी, क्रियापदं शेवटी, अनेकवचनं नीट वळवलेली. आपलं गाव तळ्यांचं आहे, इथं भात पिकतो, पाहुण्याला आम्ही आधी पाणी देतो, तुमची भाषा मी चुलीपुढं बसून शिकले, तुम्ही आलात, माझ्या शिकण्याचं चीज झालं, असं सगळं त्या बोलल्या. त्या हॉलमध्ये ते कळणारा एकच माणूस होता आणि तो खाली मान घालून रुमालानं कपाळ पुसत होता.

टाळ्या कडकडून पडल्या. पाहुण्यांनीही हसून टाळ्या वाजवल्या. त्यांतला एक म्हातारासा गृहस्थ उठून काकूंजवळ आला, हात जोडून नमस्कार केला आणि काहीतरी विचारलं. काकूंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांना वाटलं, हॉलमध्ये गडबड आहे. त्यांनी आपल्या जर्मनमध्ये नम्रपणे सांगितलं की पुन्हा एकदा बोला. त्यानं भुवया वर केल्या आणि दुभाषी मुलीकडे वळून दोन वाक्यं बोलला.

दुभाषी मुलगी दिल्लीची, चांगल्या मनाची. माइक चालूच होता.

"माताजी, आपने बहुत सुंदर बोला. सर कह रहे हैं, सुनने में कहीं-कहीं अपनी-सी लगी. पूछ रहे हैं, ये यहाँ की आदिवासी भाषा है क्या?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अच्युतचा चेहरा पांढराफटक. मंडळाच्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या.

काकूंनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. नीलकंठराव तेव्हा तरी वर पाहतील, तर तेही नाही. ते आपल्या बुटांकडे पाहत होते. नवऱ्याची खाली गेलेली मान बाईला वाचता येते, तिला तिथं दुभाषी लागत नाही.

"जी हाँ," काकू माइकमध्ये शांतपणे म्हणाल्या. "यहीं की है."

त्यांनी म्हाताऱ्या पाहुण्याला कुंकू लावलं, हार घातला, बाकीच्या चौघांनाही घातला. काम पूर्ण करूनच त्या स्टेजवरून उतरल्या. अच्युत धावत आला, "काकू, चाय..." म्हणाला. "नाई बेटा, घरी जाऊन राहिली," म्हणाल्या.

घरी आल्यावर काकूंनी साडी बदलली, तांदूळ धुतले, कुकर लावला. नीलकंठराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आणि शेवटी बोलले. नागपूरची परीक्षा, निकालाचं पत्र, बंबात गेलेले धडे, ब्राद आणि ब्रेद, सगळं. सत्तावीस वर्षांचं पाप ओकायला दहा मिनिटं लागली. शेवटी वर हेही म्हणाले, "मी तुझ्यासाठीच केलं ना प्रेमला. दुनियेत कोण्या नवऱ्यानं बायकोसाठी अख्खी भाषा तयार केली?"

हे ऐकून एखादीनं लाटणं फेकून मारलं असतं. पुढे ही गोष्ट मंडळात पसरली तेव्हा तिथल्या तरुण पोरी म्हणाल्यासुद्धा, अय्या, कित्ती रोमँटिक! त्यांचं काय जातं म्हणायला.

काकू मात्र तांदळाचे सांडलेले दाणे एकेक वेचत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मी शहाऐंशी साली परीक्षेचा फॉर्म भरला होता. आठवते काय?"

नीलकंठरावांना आठवत होतं. विहंग शाळेत जायला लागला होता. काकूंनी नागपूरच्या जर्मनच्या परीक्षेचा फॉर्म कुठून तरी मागवला, स्टुडिओत जाऊन फोटो काढला, मॅट्रिकचं सर्टिफिकेट जोडलं. त्यांची इच्छा एकच, पास होऊन एखाद्या शाळेत शिकवायला लागायचं. पाकीट डिंकानं चिकटवून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं, कारण पोस्ट त्याच्या ऑफिसच्या वाटेवर होतं. मग हॉलतिकीट येईल म्हणून दीड महिना दुपारभर दारात बसायच्या. हॉलतिकीट आलं नाही, परीक्षा होऊन गेली. पुन्हा फॉर्म भरायची गोष्ट त्यांनी काढली तेव्हा नीलकंठराव म्हणाले होते, तुले तर माझ्याहून जास्त येते, परीक्षा कशाले पाह्यजे?

"तो फॉर्म तुम्ही पोस्टात टाकला होता काय?"

नीलकंठरावांनी उत्तर दिलं. पण मराठीत नाही. त्या दोघांच्या भाषेत दिलं, हळू आवाजात, जसं सासूसमोर बोलायचे तसं. इतक्या वर्षांत अवघड सगळं त्याच भाषेत बोलायची सवय पडलेली.

"मराठीत सांगा," काकू म्हणाल्या.

कुकरची शिट्टी झाली.

"नाही टाकला," नीलकंठराव म्हणाले. "फाडला."

काकूंनी हातातले दाणे वाटीत टाकले.

"साहू पोस्टमनले मी भर गल्लीत चोर म्हटलं होतं. माझं हॉलतिकीट याच्यानंच हरवलं म्हणून. तुम्ही तिथंच, ओट्यावर उभे होते. तो हात जोडून म्हणत होता, दीदी, मोर करा कुछू नइ आए हे, माझ्याजवळ काही आलंच नाही. अन् तुम्ही ऐकून घेतलं. पंधरा दिवाळ्या त्याची बायको फराळ घेऊन आली अन् पंधरा दिवाळ्या मी ताट दारातूनच परत पाठवलं. मागच्या पोळ्याले मेला तो. सारा पारा, सारी गल्ली गेली त्याच्या घरी, मी बसाले गेली नाही."

नीलकंठराव दाराशी पाट ओढून बसले.

"उठा," त्या म्हणाल्या. "त्याची बायको घरीच असते. चला, तिले सांगा."

नीलकंठराव पाटावर बसले होते, ते बसलेच राहिले. लोक काय म्हणतील, संध्याकाळी पाहू, आधी जेवून घेऊ, असं काहीतरी पुटपुटले. काकूंनी गॅस बंद केला, पदर खांद्यावरून घेतला, चपला पायात सरकवल्या आणि एकट्याच साहूच्या घराकडे निघाल्या.